नॉर्मल म्हणजे कोणासाठी नॉर्मल?

देवगड तालुक्यातले एक गुरुजी विचारतात: वय ४१. गेल्या दिवाळीत सेकंडहॅण्ड पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, घेतला. रात्री जेवणं उरकली की साडेनऊ ते साडेदहा, एवढाच वेळ हाताशी असतो. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' हा गेम अवघडपणाच्या मधल्या पातळीवर सुरू केला. कथा आवडली, पण एका वाल्किरीपाशी, म्हणजे त्यातल्या एका पंखवाल्या लढवय्या बाईपाशी, तीन आठवडे अडकलोय. पातळी खाली करतो म्हटलं तर सहावीतला मुलगा म्हणतो, "बाबा, इझी केलंत तर ती चीटिंग." खरंच तसं आहे का? आणि पुढचा गेम घेतला की पातळी निवडायची कशी?

गुरुजी, आधी तातडीचं. वाल्किरी पडल्याशिवाय कथा पुढे सरकणार नाही असा तुमचा समज झालेला दिसतो. तसं नाही. त्या गेममधल्या नऊच्या नऊ वाल्किरी ऐच्छिक आहेत. पेपरात 'कोणतेही पाच सोडवा' असताना तुम्ही सहावा प्रश्न घेऊन बसलायत, आणि तोही सगळ्यांत अवघड. आज रात्री तिच्याकडे पाठ फिरवा, होडीत बसा आणि पुढच्या कथेला लागा. तिच्या नावाजवळची, जीव दाखवणारी पट्टी जांभळी दिसत असेल तर गेम स्वतःच सांगतोय की तुमचं चिलखत, कुऱ्हाड अजून हिच्या तोडीची नाही. दहा तासांनी परत या, तीच बाई वेगळी वाटेल.

तरी आत्ताच लढायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन पातळी एक पायरी खाली आणा. मधल्या पातळीवरून तसं करता येतं. त्या गेममध्ये कुलूप आहे ते फक्त सगळ्यांत वरच्या पातळीला. ती एकदा घेतली की अर्ध्यावर सोडता येत नाही, नवा डावच मांडावा लागतो. आणि पातळीला हात लावण्याआधी टीव्हीचं एक बटण बघा. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तुमचा निम्मा त्रास तिथेच असावा असा मला दाट संशय आहे.

मी हे कशाच्या जोरावर बोलतोय ते सांगायला हवं. १९९६ पासून मालवणात माझं गेमचं दुकान आहे. सुरुवातीला नाणं टाकून गेम खेळायच्या दोन लाकडी पेट्या, कोल्हापुरातून टेम्पोत घालून घाटातून आणलेल्या. मग टीव्हीला जोडायच्या कॅसेटी तासावर, मग सायबर कॅफे, आता चार स्क्रीन, चार कन्सोल आणि एक दमदार इन्व्हर्टर. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, पॅरासेलिंग बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा पर्यटनवाले पोरगे आणि ट्रॉलरवरचे खलाशी माझ्याकडे. गणपतीत चाकरमान्यांची मुलं. त्यामुळे माणसं हरताना कशी दिसतात हे मी जितकं पाहिलंय तितकं फार थोड्यांनी पाहिलं असेल.

आता एक कबुली. त्या लाकडी पेट्यांच्या आत, बोर्डावर, नखाएवढ्या स्विचांची ओळ असायची. 'स्ट्रीट फायटर २' च्या बोर्डावर त्यातले तीन स्विच खालीवर करून कॉम्प्युटरची पातळी ठरायची, शून्य ते सात. मूळ ठेवण तीनची. मी पाचवर ठेवायचो. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत, मुंबईहून माणसं लोटली की, सहावर. कारण सरळ होतं: एक रुपयाच्या नाण्यावर एक पोरगा दहा मिनिटं टिकला तर मागची रांग कंटाळून भेळ खायला जाते. हरलेला पोरगा स्वतःलाच शिव्या घालत बाहेर पडायचा, "माका जमनाच नाय." त्याला काय माहीत, दुपारी शटर अर्धं ओढून मालकाने पेटीचं मागचं दार उघडलं होतं.

हे सांगायचं कारण असं की 'नॉर्मल' हा शब्द कुठून येतो ते कळावं. आजचे कितीतरी गेम त्या पेट्यांचे नातू आहेत. पेटीत अवघडपणा म्हणजे गल्ला. घरी गेम आला, नाण्याचं भोक गेलं, पण बनवणाऱ्यांचा हात तसाच राहिला. 'कॉन्ट्रा' आठवत असेल तुम्हाला; तुमच्या वयाच्या माणसाने तो खेळला नसेल असं होणार नाही. तीन जीव, आणि पहिल्या पुलावरच दोन जायचे. मग कोणाचा तरी मामेभाऊ सुट्टीत यायचा आणि वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए शिकवून जायचा. तीस जीव! हा मंत्र पहिल्यांदा १९८६ च्या 'ग्रेडियस'मध्ये आला. कोनामीचा प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो तो गेम घरच्या मशीनसाठी तयार करत होता, आणि तपासायला बसल्यावर त्याला स्वतःलाच तो झेपेना. म्हणून त्याने आपल्यासाठी चोरवाट ठेवली. ती तशीच बाजारात आली. तुमच्या चिरंजीवांना हे जरूर सांगा. सगळ्यांत प्रसिद्ध 'चीटिंग' गेम बनवणाऱ्यानेच केली होती.

दुसरा किस्सा १९८८ च्या 'मेगा मॅन २' चा. जपानमध्ये आला तेव्हा एकच पातळी होती. अमेरिकेत पाठवताना कंपनीने एक सोपी पातळी घातली आणि तिला नाव दिलं 'नॉर्मल'. जपानी पोरं जी मुकाट्याने खेळत होती तिला नाव पडलं 'डिफिकल्ट'. गेम तोच, राक्षस तेच. फक्त पाटी बदलली. म्हणून पाटीवर विसंबू नका. पाटीमागे कोणता आकडा हलतो ते बघा, कारण प्रत्येक गेममध्ये तो वेगळा असतो.

'स्कायरिम' घ्या, २०११ चा. मधल्या पातळीवर तुमचा घाव आणि त्यांचा घाव दोन्ही सरळ मोजले जातात. सगळ्यांत वरच्या पातळीवर तुमचा घाव चौथाई होतो आणि त्यांचा तिप्पट. शत्रू तसाच बावळट राहतो, तशाच उघड्या मैदानातून धावत येतो. फक्त त्याला पाडायला चौपट वेळ लागतो. ह्याला मी अवघड म्हणत नाही, कंटाळवाणं म्हणतो. चुलीवर ओली लाकडं घालून भात अवघड झाला म्हणण्यासारखं. उलट 'विचर ३' मध्ये वरच्या दोन पातळ्यांवर ध्यान लावून बसलं तरी जखम भरत नाही. हा बदल छोटा वाटतो, पण त्याने सगळा खेळ फिरतो: लढाईआधी औषधं शिजवावी लागतात, कोणत्या भुताला कोणतं तेल ते वाचावं लागतं, खाण्याच्या वस्तू जपून ठेवाव्या लागतात. अशी पातळी वर नेण्यात मजा आहे, कारण ती नवं काहीतरी करायला लावते.

राज्य उभारायच्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये आणखी तिसराच प्रकार. वरच्या पातळीवर कॉम्प्युटर हुशार होत नाही, श्रीमंत होतो. सहाव्या भागात सर्वोच्च 'डिएटी' पातळीवर तुम्ही नवं शहर वसवणारा एक वसाहतवाला घेऊन सुरू करता आणि तो तीन घेऊन. एकाला गुंठा आणि दुसऱ्याला सगळी बाग देऊन कलमं लावायची शर्यत. ती जिंकायची तर आपण शहाणे होऊन भागत नाही, त्याच्या वेंधळेपणाचा फायदा कसा उठवायचा ते शिकावं लागतं. काहींना ते आवडतं. मला पन्नाशीनंतर नाही आवडत.

आणि १९९३ चा 'डूम' प्रामाणिक होता. खालच्या पातळीवर तुम्हाला लागणारा मार निम्मा, गोळ्या दुप्पट, राक्षस कमी. नावं मात्र टोमणे मारणारी. सगळ्यांत खालच्या पातळीचं नाव 'मी मरायला फार लहान आहे' अशा अर्थाचं. त्याआधीच्या १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन ३डी'मध्ये तर सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं दिसायचं. तुमच्या मुलाच्या तोंडचं 'चीटिंग' हे त्या टोपड्याचंच नातवंड आहे. पोराची चूक नाही, ही लाज फार जुन्या काळापासून मेनूत लिहून ठेवलेली आहे.

मग निवडायचं कसं? माझी दुकानातली एकच कसोटी आहे. गिऱ्हाईक मेलं की मी काउंटरवरून विचारतो, "मेलंस कशान?"

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. तारकर्लीला पॅरासेलिंगच्या बोटीवर काम करणारा एक पोरगा, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि हा 'एल्डन रिंग' घेऊन बसलेला. त्या गेमला पातळीच नाही, सगळ्यांना एकच. सुरुवातीलाच उघड्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. हा त्याच्यावर धावला. मेला. धावला, मेला. विसाव्या वेळी मी विचारलं, मेलंस कशान? "ता माका काय म्हायत? मारल्यान आणि मेलंय." मी म्हटलं, मग तू खेळत नाहीयेस, नुसता तासाचे पैसे भरतोयस. पुढच्या वेळी मारू नको. नुसता बघ, आणि मेल्यावर मला एक वाक्य सांग. तो मेला आणि म्हणाला, "ढालीन मारल्यान. मी डावीकडे गेलंय म्हणान." मी चहा सांगितला. त्यानंतर प्रत्येक मरणाला त्याच्याकडे वाक्य होतं: लवकर उडी घेतली, हाव केली, आणखी एक घाव घालायला गेलो. संध्याकाळी निघाला तेव्हाही घोडेस्वार जिवंतच होता, पण पोरगा खूश होता. दुसऱ्या दिवशी तो त्याला चुकवून पुढे गेला, घोडा मिळवला, चार दिवसांनी परत येऊन हिशेब चुकता केला. त्या पोराची पातळी बरोबर होती.

याच्या उलट, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे मंगळवार-शुक्रवार येतात. त्यांना 'विचर ३' फार आवडतो. नॉर्मलवर सुरू केलं. पाण्यातल्या भुतांच्या घोळक्यात सतत मरायचे. मेलात कशाने विचारलं तर म्हणाले, "अरे, मी खालची अक्षरं वाचत होतो." त्यांना त्या जहागीरदाराच्या बायकोचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं, भुतं मध्ये येत होती. मी पातळी सगळ्यांत खाली आणली, जिचं नाव 'फक्त कथा' आहे, आणि सबटायटलची अक्षरं मोठी केली. दुसऱ्याच गोष्टीने जास्त फरक पडला हेही नोंदवतो.

तेव्हा कसोटी अशी: तीनदा मरा. तिन्ही वेळा का मेलो ते एका वाक्यात सांगता आलं, आणि त्या वाक्यात 'मी' आला, तर पातळी बदलू नका, तुम्ही शिकताय. कारण सांगताच येत नसेल, तर पातळी खाली करा, किंवा दिसत-ऐकू येत नसेल तर ती सोय आधी करा. आणि कारण माहीत आहे, ते टाळताही येतंय, पण शत्रू पडायलाच दहा मिनिटं लागतात, तर तोही पातळी खालीच आणण्याचा इशारा समजा. तिथे तुमची परीक्षा संपलेली आहे, उरलाय तो नुसता आकडा. चौथी अवस्थाही असते, कोणी विचारत नाही ती: तासभर खेळलात आणि एकदाही हात घामेजला नाही. मग वर न्या. मोठी माणसं खाली आणायला लाजतात आणि वर न्यायला विसरतात.

आता टीव्ही. तुमच्या वाल्किरीच्या घावांआधी गोल कडं चमकतं. पिवळं असेल तर ढाल नुसती धरून भागत नाही, ऐन क्षणी उचलून घाव परतवायचा. लाल असेल तर ढालीचा उपयोग नाही, बाजूला व्हायचं. हे सगळं क्षणाचं काम. माणसाला बघून बोट हलवायला सेकंदाचा साधारण पाव भाग लागतो. आणि आपले घरचे टीव्ही चित्र गुळगुळीत, रंगीत करण्याच्या नादात ते दाखवायलाच उशीर करतात. मालिका बघताना कळत नाही, पण तो उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे कडं तुम्हाला दिसतं तेव्हा निम्मा वेळ गेलेला. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा. काही टीव्हींवर तो सरळ सापडत नाही. ज्या एचडीएमआय भोकात पीएस४ लावलाय त्याचं नाव बदलून 'गेम' किंवा 'पीसी' करावं लागतं, मग तो मार्गावर येतो. आवाजासाठी ब्लूटूथचा स्पीकर लावला असेल तर तोही काढा, त्यातून आवाज मागाहून येतो. काही वाल्किरी उंच उडून अंगावर कोसळण्याआधी ओरडतात, ती हाक वेळेवर ऐकू आली तर लोळण घेता येते. माझ्याकडे एक खलाशी दोन दिवस असाच मार खात होता. मी त्याच्या नकळत टीव्हीचा मोड बदलला. अर्ध्या तासात म्हणाला, आज हात बसला. मी काही बोललो नाही.

लढायला जाताना खिशात पुनर्जीवनाचा दगड ठेवा, ब्रॉक-सिंद्री या गेममधल्या लोहार भावांच्या दुकानात विकत मिळतो, मेलात की एकदा उठवतो. हीसुद्धा पातळी खाली करण्याचीच एक रीत, फक्त मेनूतून न करता दुकानातून केलेली. चांगल्या गेममध्ये अशा वाटा पुष्कळ असतात. 'एल्डन रिंग'मध्ये पातळीचं बटण नाही म्हणून लोक छाती फुगवतात, पण त्यात भुतांना मदतीला बोलावता येतं, दुसऱ्या खेळाडूला हाक मारता येते, अडलात तर दुसऱ्या दिशेला जाऊन बळ वाढवून येता येतं. बटण नाही, पण पायऱ्या आहेत.

काही गेम तर न विचारताच पातळी हलवतात. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये तुम्ही वरचेवर मरू लागलात की गुपचूप शत्रू कमी होतात, मार सौम्य होतो. फार सफाईने खेळलात की उलट. १९९६ चा 'क्रॅश बँडिकूट' एकाच जागी पुन्हापुन्हा पडणाऱ्याला रक्षक मुखवटा हातात ठेवायचा. 'एक्सकॉम २' सोप्या पातळ्यांवर, नेम सलग चुकू लागला की पुढच्या नेमाची शक्यता थोडी वाढवतो आणि पडद्यावर ते दाखवत नाही. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीच्या भारतीय अवतारात, नवख्याला पहिल्या सामन्यांत जे धडाधड पडणारे शत्रू भेटतात त्यांतले बरेच माणसं नसून बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो असे खेळाडू, असतात; पोरगा घरी सांगतो, आज बारा मारले.

आपल्याला यात फसवणूक वाटायचं कारण नाही, आपण दशावतार बघून वाढलोय. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. राक्षस आणि राजा यांचं युद्ध किती चालवायचं ते समोरचे लोक बघून ठरतं. मंडप भरलेला, पोरं पुढे सरसावलेली, तर पखवाज चढतो आणि राक्षस चार फेऱ्या जास्त घेतो. लोक पेंगताहेत, तर तो लवकर पडतो. घरी जाताना कोणी म्हणत नाही की आज राक्षस सोप्या पातळीवर होता.

पातळी घेताना तीन ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा, कारण तिथून माघार नाही. एक, वर सांगितलेली 'गॉड ऑफ वॉर'ची सर्वोच्च पातळी. दोन, 'आयर्नमॅन' नावाचा प्रकार, जो २०१२ च्या 'एक्सकॉम'ने पुष्कळांना माहीत करून दिला: खेळ जपून ठेवायला एकच सेव्ह, म्हणजे मागे जाऊन झालेली चूक पुसता येत नाही. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडला की लाईटचा भरवसा नसतो, आणि मधोमध वीज गेली की पीएस४ पुढच्या वेळी आपण नीट बंद केला नव्हता म्हणून आपल्यालाच रागावतो. इन्व्हर्टर नसेल तर जून ते सप्टेंबर आयर्नमॅनच्या वाटेला जाऊ नका. माइनक्राफ्टमधलं 'हार्डकोअर' त्याच जातीचं, मेलात की ते जग संपलं, नंतर नुसतं भूत होऊन बघत फिरा. आणि तिसरं उलट बाजूने: २०१७ च्या 'कपहेड'मध्ये 'सिंपल' पातळी आहे, पण तिच्यावर जिंकलं तर पुढे लागणारे करारनामे मिळत नाहीत, शेवटच्या लढाईचं दार उघडत नाही.  मला ही लबाडी वाटते.

त्यापेक्षा २०२० च्या 'हेडीज'ची रीत मला आवडली. त्यात 'गॉड मोड' चालू केला की लागणारा मार २० टक्क्यांनी घटतो, आणि प्रत्येक मरणानंतर आणखी दोन टक्के, असं ८० पर्यंत. कथेतलं काही कापत नाहीत. २०१८ च्या 'सेलेस्ट'मध्ये खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. बोटं आखडलेल्या माणसासाठी हे केवढं मोठं आहे. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात तर पातळीची पाच कप्प्यांत फोड आहे: तुम्हाला लागणारा मार, शत्रू, सोबती, लपणं आणि सापडणारं सामान. लढाई सोपी ठेवून सामान टंचाईचं ठेवता येतं. असे कप्पे दिसले की तिथे दहा मिनिटं घालवा, पुढचे तीस तास बरे जातात. गाड्यांच्या गेममध्ये हे जुनंच आहे: ब्रेकची मदत, वळणाची रेघ, समोरच्यांचा वेग, सगळं वेगवेगळं. तिथे समोरच्यांचा वेग कमी करण्याआधी रेघ चालू करून बघा, बहुतेकांचं त्यानेच भागतं.

आता चिरंजीव. त्यांना विचारा, गल्लीत क्रिकेट खेळताना पहिला बॉल ट्राय असतो की नाही? जागा कमी आणि पोरं जास्त असली की वन टप्पा आऊट लावतात की नाही? कोणाच्या माडाच्या आळ्यात चेंडू गेला की दोनच धावा? ह्या सगळ्या पातळ्याच आहेत, आणि त्या खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर ठरतात, म्हणून कोणी त्याला चीटिंग म्हणत नाही. आणि लपाछपीत धाकट्या बहिणीला लिंबू-टिंबू करून घेतात. ती सापडली तरी तिच्यावर राज्य येत नाही. ती खेळात असते, पळते, किंचाळते, आणि पुढच्या मे महिन्यात आपणहून सांगते की आता मी लिंबू-टिंबू नाही. रडीचा डाव वेगळा. आऊट झाल्यावर 'मी तयारच नव्हतो' म्हणणं म्हणजे रडीचा डाव. ऑनलाइन सामन्यात समोर खरा माणूस असताना चोरीचं सॉफ्टवेअर लावणं हाही तोच. एकट्याने, आपल्या घरात, आपल्या टीव्हीवर वाल्किरीला थोडी हळू करणं यात फसवलं कोणाला? वाल्किरीला?

एक गोष्ट मात्र पोराच्या बाजूने सांगतो, नाहीतर तो म्हणेल मोठे मोठ्यांचीच बाजू घेतात. पातळी कधी खाली करायची याला तुमच्याकडे कारण हवं. चिडून, रात्री साडेदहाला, झोप डोळ्यांवर असताना केली तर दुसऱ्या दिवशी जिंकूनही चुटपुट लागते, आणि मुलांना ती लगेच दिसते. माझ्या दुकानात नियम आहे: चिडलेल्या गिऱ्हाइकाला मी मेनू उघडू देत नाही, आधी बाहेर जाऊन सोडा पिऊन ये म्हणतो. परत येऊन दोनदा खेळायचं, मग काय ते ठरवायचं. अर्धे जण मग बदलतच नाहीत.

नवा गेम घेतलात की पहिल्या पडद्यावर पातळी विचारतात, जेव्हा तुम्हाला त्या गेमचं ओ की ठो माहीत नसतं. तिथे मधली निवडा आणि पुढे जा, फक्त 'नंतर बदलता येणार नाही' अशी सूचना लिहिलेली आहे का तेवढं वाचा. पहिला तास शिकवणीचा असतो, त्यावरून काही ठरवू नका. खरा निर्णय दुसऱ्या किंवा तिसऱ्या मोठ्या राक्षसापाशी, वरच्या तीन मरणांच्या कसोटीने. तुमच्याकडे रोज एक तास आहे हेही त्या हिशेबात धरा. रोज पाच तास खेळणाऱ्या कॉलेजच्या पोराला हात गरम करायला एक तास जातो आणि चार उरतात. तुमचे हात गरम होईपर्यंत साडेदहा वाजलेले असतात. तुम्ही त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असलात तरी प्रत्यक्षात दोघांचा घाम सारखाच निघतो. 'ईए एफसी' या फुटबॉलच्या गेममध्ये 'बिगिनर' ते 'अल्टिमेट' अशा सात पायऱ्या आहेत. तिथे सलग तीन सामने तीन गोलांनी जिंकलात की एक पायरी वर, तीन तसेच हरलात की एक खाली, इतका साधा हिशेब पुरतो.

मुलाबरोबर खेळायचं असेल तर 'गॉड ऑफ वॉर' त्यासाठी नाही. तो एकट्याचा गेम आहे, आणि त्यातला रक्तपात सहावीतल्या मुलासाठी नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्यासोबत माइनक्राफ्ट घ्या. 'पीसफुल'वर भूक कमी होत नाही आणि रात्री कोणी अंगावर येत नाही, घर बांधायला ती पातळी उत्तम. घर झालं की त्यालाच विचारा वर न्यायची का. 'इझी'वर उपाशी राहिलात तर अर्धा जीव शिल्लक राहतो, 'नॉर्मल'वर जीव मोजणाऱ्या बदामांतला अर्धाच उरतो, 'हार्ड'वर भुकेने मरता. आधी शेत लावायचं की आधी पातळी वाढवायची, यावर तुमचं आणि त्याचं भांडण होईल. त्याला जिंकू द्या की नको ते तुमचं तुम्ही ठरवा, पण त्यासाठी दुसरा कंट्रोलर लागेल. सेकंडहॅण्ड घेणार असाल तर दोन्ही काठ्या मध्यभागी सोडून दे म्हणावं आणि पडद्यावरचा माणूस आपोआप चालत तर नाही ना ते बघा. खारी हवा त्यांनाही सोडत नाही. तसा निघाला तर मग कोणतीच पातळी सोपी नाही.